रविवारचा वाटा

काका : एक तारखेला माझा वाटा कुठल्या खात्यात भरायचा, एवढंच विचारतोय मी. साधा प्रश्न आहे.

विमावाला : कुठल्याच नाही, काका.

काका : कुठल्याच नाही म्हणजे? चार वर्षं तुम्ही दोघं माझ्या खात्यात भरताय आणि मी तिघांचं मिळून मालकीणबाईंना पाठवतोय. गेल्या महिन्यात ठरलं, आता ज्याचं त्यानं परस्पर पाठवायचं. ठरलं ना? मग त्यांचा खातेक्रमांक द्या मला. जुना बंद झालाय म्हणे.

विमावाला : तुम्ही पाठवायचंच नाहीये.

काका : फुकट ठेवून घेतायत की काय मला?

लॅबवाला : सांगून टाक ना एकदाचं. मला वर जायचंय, चौथ्या मजल्यावर. तिथले आजोबा उपाशी बसलेत, तपासणीचं रक्त द्यायला.

विमावाला : सांगतोय रे. काका, तुम्ही आधी शांतपणे बसा.

काका : बसलेलाच आहे मी.

विमावाला : हां. तर बघा, गेल्या महिन्यात तुम्ही ज्या कागदावर सही केलीत ना, तो भाडं वेगवेगळं पाठवायचा अर्ज नव्हता. घर सोडायची नोटीस होती. करार आपल्या तिघांच्या नावावर, मोडायचा तर तिघांच्या सह्या लागतात. आमच्या दोघांच्या झाल्या होत्या, तुमची राहिली होती. या तीस तारखेला मुदत संपते. नऊ दिवस आहेत अजून, तसे पुष्कळ आहेत.

काका : कुठला कागद? मी कुठल्या नोटिशीवर सही केली?

लॅबवाला : मी आणला होता तो.

काका : तो? फ्रिजच्या दारावर टेकवून घेतलीस ती सही? अरे, पोरीला घेऊन निघालो होतो मी. ती हात ओढत होती, बागेतले झोके भरतील म्हणून.

लॅबवाला : हां. तोच.

काका : बँकेचा आहे म्हणालास.

लॅबवाला : म्हणालो.

काका : नोटिशीला विषय असतो वर. ठळक अक्षरांत.

विमावाला : होता की. ‘घर रिकामे करण्याबाबत.’ चांगला दोन रेघांमध्ये होता. दिवसभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेता तुम्ही, काका. खरं सांगू? आम्हाला वाटत होतं, आता धरतात की मग धरतात.

काका : घरी मी वाचत नाही. आठ-आठ तास प्रुफं तपासून डोळ्यांचा भुगा होतो. घरी कुणी कागद पुढे केला की मी सही करतो. विजेच्या अर्जावर केली, पाण्याच्या केली. तुम्हाला माहीत होतं हे.

विमावाला : माहीत होतं म्हणूनच तर जमलं.

काका : केसानं गळा कापलात की रे माझा.

विमावाला : असं का म्हणता? घर आम्हीही सोडलंच ना कागदोपत्री. आता नवा करार होतोय. आम्ही दोघं आहोतच, आणि तुमच्या खोलीत माझा मेहुणा येतोय. होणारा मेहुणा. लग्न ठरलंय माझं, हे तरी सांगितलं होतं ना मी तुम्हाला? सासरच्यांनी शब्द टाकला, पोराला कोर्ससाठी खोली हवीय म्हणून. पहिलाच शब्द. नाही कसं म्हणणार?

काका : मला विचारायचंस. सरळ तोंडावर विचारायचंस.

विमावाला : आणि तुम्ही हो म्हणाला असता? मग चर्चा, मग तुमची टेप निघाली असती मोजायची. आठवतंय ना, आलो तेव्हा? मला वाटलं, भाड्याचे तीन सारखे भाग करायचे आणि मोकळं व्हायचं. तुम्ही गुडघ्यांवर बसून खोल्या मोजल्यात. चौरस फुटांवर भाडं. आणि तुमच्या खोलीचं दार आत उघडतं म्हणून त्या दाराला फिरायला लागते तेवढी जागा वजा केलीत.

काका : तिथे काही ठेवता येत नाही. वापरताच येत नाही ती जागा. रास्त होतं ते.

विमावाला : माझंही दार आतच उघडतं.

काका : मग तू बोलला नाहीस कधी.

विमावाला : चार वर्षं बोललो नाही. आता बोलतोय.

काका : आणि तू रे? तुझी खोली सगळ्यात लहान, तुला सगळ्यात कमी पडायचं. तुला तर फायदाच झाला त्या मोजण्याचा. तू का उठलास माझ्यावर?

लॅबवाला : मला फुटांचं काही नाही.

काका : मग कशाचं आहे?

लॅबवाला : चिठ्ठीचं.

काका : कुठली चिठ्ठी?

लॅबवाला : आईच्या ऑपरेशनला गेलो होतो अचानक, तेव्हा फ्रिजवर लावून गेलो होतो. आई सिरियस आहे, भाडं उशिरा देतो, माफ करा. चार दिवसांनी परत आलो. चिठ्ठी जागेवरच. तीन ठिकाणी लाल पेन. ऱ्हस्व-दीर्घ काय ते सगळं दुरुस्त केलेलं. बाजूला तुमच्या त्या खुणा.

काका : अरे, ती सवय आहे. हात आपोआप जातो माझा.

लॅबवाला : हां. मग आई कशी आहे, त्यावर का नाही गेला?

काका : तुझा त्या महिन्याचा वाटा मी भरला होता. माझ्या पदरचा.

लॅबवाला : भरलात. आलो त्या दिवशी मागितलात पण. बूट काढत होतो मी.

काका : आता कशी आहे आई?

लॅबवाला : बरी आहे. आता नका विचारू.

काका : ठीक आहे. चुकलं माझं. तुझ्याशी चुकलो, याच्याशीही चुकलो असेन. पण माझ्या पोरीनं काय केलंय तुमचं? आज रविवार आहे. अकराला तिची आई तिला खाली फाटकापाशी सोडून जाईल आणि पाचला न्यायला येईल. आठवड्यातले तेवढे सहा तास आहेत माझ्याकडे. कोर्टाच्या हुकमात स्पष्ट लिहिलंय, बापाकडे कायमचा पत्ता आणि दार लागणारी खोली असेल तरच मुलगी पाठवायची. पत्ता गेला की रविवार गेला.

विमावाला : दुसरी खोली बघा.

काका : नऊ दिवसांत? आणि बघितली तरी नवा पत्ता म्हणजे कोर्टाची नवी तपासणी. गेल्या वेळी सात महिने लागले होते त्या तपासणीला. सात महिने मी तिला शाळेच्या कुंपणापलीकडून बघत होतो. सात महिन्यांनी पहिल्यांदा दारात आली, तर आईच्या मागे लपली. माझ्याशी ‘तुम्ही’ म्हणून बोलली. स्वतःच्या बापाशी. आठ वर्षांची आहे रे ती आत्ता. पुन्हा सात महिने गेले तर ती येईल तरी का माझ्याकडे?

विमावाला : मुलांना होते सवय, काका.

काका : कशाची?

विमावाला : माणूस नसण्याची.

लॅबवाला : ए, पुरे.

विमावाला : खोटं आहे का? तिला बाप रविवारचाच आहे. शनिवारी ती काय रडत बसते? मेहुणा परवा खोली बघून गेला, तुम्ही छापखान्यात होतात. पलंग बसतो म्हणाला. पलंगाखालच्या त्या छोट्या सपाता कुणाच्या, विचारत होता. म्हटलं, जातील त्या.

काका : मी जास्त देतो. निम्मं भाडं मी देतो, उरलेलं तुम्ही दोघांत वाटून घ्या. दाराची जागा धरा. पाहिजे तर माझ्या खोलीत दोघं राहा, मी हॉलमध्ये झोपतो. फक्त रविवारी ती खोली मोकळी करून द्या. पाय धरू का तुझे? धरतो. मला त्याची लाज नाही.

विमावाला : उठा, उठा. असं नका करू, बरं दिसत नाही.

काका : मी मालकीणबाईंना फोन करतो.

विमावाला : मी आधीच केलाय. त्यांना पहिल्या तारखेला पूर्ण रक्कम आली की झालं, कोण कुठल्या खोलीत लोळतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तीन-तीन नावांची कटकट नको, यापुढे कागद एकाच्याच नावावर करू, असं त्याच म्हणाल्या.

लॅबवाला : कुणाच्या?

विमावाला : ते वकील बघतात रे. तू सही कर, बाकी मी बघतो.

लॅबवाला : तो नव्या कराराचा कागद काकांना दे आधी.

विमावाला : कशाला?

लॅबवाला : वाचायला. मला कागदातलं कळत नाही. यांनी वाचला तर मी सही करणार. नाहीतर नाही.

काका : चेष्टा करतोस माझी?

लॅबवाला : नाही. खरंच. माझी आई मरायला टेकली होती, तरी तुम्ही त्या चिठ्ठीतली चूक सोडली नाहीत. यातली कशी सोडाल?

काका : मला घराबाहेर काढायचा कागद मीच तपासून द्यायचा?

लॅबवाला : हां. छापखान्यात पानामागे जे मिळतं ते देतो. फुकट नको. आलोच दहा मिनिटांत, आजोबांची शीर लवकर सापडत नाही.

(लॅबवाला सुयांची पेटी उचलून वर जातो. दार ओढून घेतो.)

विमावाला : राहू द्या हो, काका. तो आला की म्हणा, वाचला म्हणून. बारीक अक्षर आहे, कशाला डोळ्यांना त्रास?

काका : दे इकडे.

विमावाला : नेहमीचाच मजकूर आहे.

काका : दे म्हटलं ना. ... भाडेकरू म्हणून एकच नाव आहे. या लॅबवाल्याचं. तुझं कुठेय?

विमावाला : खाली आहे.

काका : खाली ‘सोबत राहणारे’ आहेत. तू आणि तुझा मेहुणा. संपूर्ण भाड्याची जबाबदारी भाडेकरूची. सोबत राहणाऱ्यांची कसलीच नाही. आणि हे चौथं कलम. दोन वर्षं घर सोडता येणार नाही. सोडलं तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं भाडेकरूनं भरायचं. लग्न कधी आहे तुझं?

विमावाला : सहा महिन्यांनी.

काका : लग्न झाल्यावर बायकोला घेऊन या खोलीत राहणार आहेस?

विमावाला : सासऱ्यांनी फ्लॅट बघून ठेवलाय.

काका : आणि मेहुण्याचा कोर्स?

विमावाला : तोवर संपतो.

काका : म्हणजे सहा महिन्यांनी तुम्ही दोघं हात झटकून चालते होणार आणि पुढचं दीड वर्ष तिघांचं भाडं हा एकटा भरणार. अरे, त्याच्या पगारात या घराचं भाडं गेलं तर चहालाही उरणार नाही. आईला औषधाला कुठून पाठवेल तो?

विमावाला : मिळतील की नवे भिडू. शोधेल.

काका : याला माहीत आहे हे?

विमावाला : माहीत असतं तर तुम्हाला वाचायला दिला असता का त्यानं? वाचणारा माणूस आपल्या बाजूचा आहे असं वाटतंय त्याला. तुमचं नशीब थोर आहे, काका. इतकं होऊनही लोक विश्वास ठेवतात तुमच्यावर.

काका : तुझंही नाव घाल वर. दोघांची जबाबदारी असू दे. सरळ होईल सगळं.

विमावाला : मी कशाला अडकू? सहा महिन्यांचा पाहुणा मी. माझं नाव वर घालायचं असेल तर मी आजच दुसरीकडे सोय बघतो.

काका : मी सांगणार त्याला.

विमावाला : सांगा ना. मी थोडाच तोंड धरलंय तुमचं? तो चिडेल, सही करणार नाही. त्यानं सही केली नाही की करार होत नाही, आणि नोटीस तर लागू झालेलीच आहे. तीस तारखेला आपण तिघंही रस्त्यावर. मला सासर आहे. त्याला हॉस्पिटलचं क्वार्टर मिळेल कुठलं तरी. तुम्ही काय करणार? पोरीला बागेच्या बाकावर बसवणार? बाकाला दार लागतं का?

काका : त्याला आई आहे रे.

विमावाला : आता आठवली?

(काका कागदाचं शेवटचं पान पुन्हा उलटून बघतात.)

विमावाला : बघा काका, मी रोज लोकांच्या दारात जाऊन बसतो. माणूस गप्प झाला की मला कळतं, तो आता नाही म्हणत नाहीये, तो हिशेब करतोय. बोला, काय हवंय?

काका : ‘सोबत राहणारे’ या यादीत दोन नावांखाली एक ओळ मोकळी आहे.

विमावाला : वा. विम्यात यायला हवं होतं तुम्ही.

काका : तिथे माझं नाव. पत्ता हाच राहिला की तपासणी नको, तिच्या आईच्या वकिलाला बोट ठेवायला जागा नको. मी झोपायला येणार नाही. छापखान्यात कागदाच्या गोदामात एक बाकडं आहे, तिथे पडेन. पण रविवारी अकरा ते पाच ती खोली माझी. कुलपाची किल्ली माझ्याकडे. सपाता पलंगाखालीच राहतील.

विमावाला : मेहुण्याला काय सांगू?

काका : सहा तास बाहेर जा म्हणावं. तरणा आहे, फिरेल.

विमावाला : आणि वाटा?

काका : कसला वाटा?

विमावाला : रविवारचा. खोली वापरायची म्हणजे वाटा द्यायला नको? तुमचीच पद्धत. चौरस फूट, आणि त्यावर तासांचा भाव लावू. महिन्याला चार रविवार, कधी पाच. हॉलमधून यायचं-जायचं, त्याचं वेगळं धरू. पोरीचंही माणूस म्हणून धरावं लागेल, संडास-बाथरूम वापरणार ती.

काका : तू मजा घेतोयस.

विमावाला : थोडीशी. चार वर्षं वाट बघितलीय.

काका : दाराची जागा?

विमावाला : धरणार.

काका : धर.

विमावाला : शाब्बास. नाव तुम्ही लिहा तुमच्या हातानं, अक्षर चांगलं आहे. आणि त्यानं विचारलं, काही निघालं का, तर?

काका : मला कळतं काय सांगायचं ते. सहा महिन्यांनी तू जाशील आणि याच्यानं भाडं झेपणार नाही. तेव्हा माझाही पत्ता जाईलच.

विमावाला : जाईलच.

काका : सहा महिन्यांत सव्वीस रविवार येतात.

विमावाला : बघा, जमतो की तुम्हाला हिशेब. आला वाटतं तो. डोळे पुसा.

लॅबवाला : दोनदा टोचावं लागलं. आजोबांच्या शिरा नुसत्या दोऱ्यासारख्या झाल्यात. काका, एक बोलू?

काका : बोल.

लॅबवाला : जिना उतरताना आलं डोक्यात. तुम्ही पोरीला माझ्या खोलीत आणा. रविवारी मला साडेअकरा ते सात ड्युटीच असते, खोली रिकामीच राहते. दार लागतं माझंही. आणि पत्त्यासाठी कागदावर तुमचं नाव घालायचं असेल तर घाला. माझी काही हरकत नाही.

काका : किती घेशील?

लॅबवाला : काय किती?

काका : वाटा.

लॅबवाला : पोरगी आहे हो ती. तिचा कसला वाटा? फक्त माझ्या टेबलावरच्या बाटल्यांना हात लावू देऊ नका.

विमावाला : अरे, आमचंही तेच चाललं होतं. काकांचं नाव घातलंसुद्धा आम्ही. बघ, यादीत.

लॅबवाला : घातलं? मग बरं झालं. मला उगाच वाटत होतं... काका, रागावलात अजून?

काका : नाही.

लॅबवाला : त्या सहीच्या वेळी मी खोटं बोललो, ते चुकलंच माझं. चिठ्ठीचा राग डोक्यात होता. तुमची पोरगी मला टाटा करून गेली त्या दिवशी, आणि मी कागद खिशात घालत होतो. तेव्हापासून झोप नाही नीट.

काका : राहू दे आता ते.

लॅबवाला : वाचलंत सगळं?

काका : वाचलं.

लॅबवाला : शेवटपर्यंत? बारीक अक्षरातलं पण?

काका : शेवटपर्यंत.

विमावाला : घे रे, पेन घे. काकांची पोरगी येईल आता.

लॅबवाला : तू थांब जरा. मी काकांना विचारतोय. काही निघालं का, काका?

काका : पहिल्या पानावर तारीख चुकली होती. मी केलीय ती दुरुस्त.

लॅबवाला : आणि बाकी?

काका : बाकी ठीक आहे. प्रत्येक पानावर खाली उजवीकडे कर सही. सावकाश कर, एकही पान सुटायला नको.